भीती आणि खचणे



'भिऊ नको' ही आज्ञा पवित्र शास्त्रात 365 वेळा, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकदा आली आहे, असे व्यासपीठावरून पुष्कळदा सांगण्यात येते. मोजून पाहिले असता हा आकडा जुळत नाही. आकडा जुळला नाही म्हणून आज्ञेचे मोल कमी होत नाही, आणि त्याविषयी वाद घालण्याचा या लेखाचा हेतूही नाही. मात्र आकड्याच्या कौतुकात एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. ती ही की, ही आज्ञा अनेक ठिकाणी एकटी येत नाही; तिच्या पाठोपाठ दुसरे एक क्रियापद येते. मोशे आपल्या मृत्यूपूर्वी यहोशवाला धीर देतो (अनुवाद 31:8), आय नगरावर दुसऱ्यांदा चाल करण्यापूर्वी परमेश्वर यहोशवाशी बोलतो (यहोशवा 8:1), मोठी फौज चालून आली असता यहोशाफाट राजाला व यरुशलेमकरांना संदेश मिळतो (2 इतिहास 20:15). या तिन्ही ठिकाणी मूळ हिब्रूत दोन क्रियापदांची जोडी आहे. पहिल्याचा अर्थ भिणे. दुसऱ्यासाठी 'कचरणे' हा शब्द मराठी शास्त्राच्या वाचकांच्या कानांना परिचित आहे.

ही केवळ द्विरुक्ती आहे काय? एकच गोष्ट दोन शब्दांत सांगण्याची हिब्रू भाषेची रीत आहे, हे खरे. तरीही भाषांतराचे काम करणाऱ्याला अशा जोडीपाशी थांबावे लागते, कारण येथे प्रश्न केवळ शब्दाचा उरत नाही. भीती वाटणे हे पाप आहे काय? जी गोष्ट मनुष्याच्या हातात नाही, ती करू नको अशी आज्ञा न्यायी देव कशी देईल? संकटाची बातमी कानी पडताच ज्याचे पाय लटपटले, तो मनुष्य अविश्वासू ठरतो काय? या प्रश्नांची उत्तरे आपण दुःखात सापडलेल्या आपल्या बंधुभगिनींना न बोलताही देत असतो; म्हणून ती नीट विचार करून द्यावीत, असे वाटते.

शब्दांच्या पोटात काय आहे?

या दुसऱ्या हिब्रू क्रियापदाचा धातू 'खातत' असा आहे. त्याचा मूळ अर्थ मोडणे, भंगणे. हन्नाने गायिलेल्या गीतात वीरांची धनुष्ये मोडल्याचा उल्लेख येतो (1 शमुवेल 2:4). तेथे हाच धातू वापरला आहे. धनुष्य मोडले म्हणजे त्याचे लाकूड नाहीसे होत नाही आणि दोरीही नाहीशी होत नाही. त्या दोहोंमधला ताण तेवढा जातो, आणि बाण सुटत नाही. मनुष्याचेही असेच होते. गल्याथाचे शब्द ऐकून शौल व सर्व इस्राएल यांची जी अवस्था झाली ती सांगताना शास्त्रलेखकाने हाच धातू आधी योजला आहे आणि भिण्याचे क्रियापद त्याच्यामागे ठेवले आहे (1 शमुवेल 17:11). त्यांच्याजवळ शस्त्रे होती, सैन्य होते, राजा होता. तरी चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ तो पलिष्टी पुढे येत राहिला, आणि हे सैन्य जागच्या जागी राहिले. मोडलेल्या धनुष्याचा अर्थ तो हाच.

याच अर्थाच्या आसपास हिब्रूत 'बाहल' असा आणखी एक धातू आहे. त्याचा एक अर्थ घाबरून गोंधळणे आणि दुसरा अर्थ घाई करणे. ज्या भाषेने या दोन गोष्टी एका शब्दात बांधल्या तिला मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे. योसेफाने मिसरात आपल्या भावांना आपली ओळख दिली तेव्हा त्यांच्या तोंडून उत्तर निघेना, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आहे (45:3). तेथे हाच शब्द आहे. त्या भावांसमोर तलवार नव्हती, रोगराई नव्हती; त्यांचाच जुना अपराध जिवंत होऊन त्यांच्यापुढे उभा होता. सदसद्विवेकबुद्धीही मनुष्याला असे गोंधळवून टाकू शकते.

इंग्रजीतील 'डिस्मे' या शब्दाच्या मुळाशी शक्ती हिरावून घेण्याची कल्पना आहे, तर 'कॉन्स्टर्नेशन' ज्या लॅटिन घराण्यातला आहे, त्यात भुईवर पसरणे, आडवे पाडणे हा भाव आहे. आपली मराठी तर या बाबतीत अतिशय श्रीमंत आहे. धाबे दणाणते, म्हणजे डोक्यावरचे घराचे छप्परच हादरते. हातपाय गळतात. अवसान गळते. सैन्याची गाळण उडते. 'गर्भगळित' या शब्दात तर पोटातला जीवही निसटतो. 'हवालदिल' हा शब्द फार्सीच्या वाटेने आला. त्यात 'हौल' म्हणजे दहशत आणि 'दिल' म्हणजे हृदय. 'पाचावर धारण बसणे' याचा उगम धान्याच्या बाजारभावात सांगतात. धारण म्हणजे भाव. रुपयाला पाचच शेर धान्य मिळू लागले की गरिबाच्या घरी जी अवस्था होई, ती या शब्दांत साठून राहिली आहे. संस्कृतातून घेतलेले 'दिङ्मूढ' आणि 'किंकर्तव्यमूढ' हे शब्द वेगळ्या अंगाने तेच सांगतात: पहिल्यात दिशा कळेनाशी होते, दुसऱ्यात काय करावे ते कळेनासे होते.

वाचकहो, हे शब्द एका ओळीत मांडून पाहा. त्यांत केवळ भीतीचे वर्णन नाही. जे उभे होते ते पडते, जे हातात धरले होते ते सुटते, जे कळत होते ते कळेनासे होते. मराठीच्या व्याकरणानेही हा भेद राखला आहे. नेहमीच्या बोलण्यात आपण 'मी भितो' यापेक्षा 'मला भीती वाटते' असे अधिक म्हणतो. म्हणजे भीती बाहेरून येते आणि आपण तिचे ठिकाण असतो. पाहुण्याला जसे दार, तसे आपण. परंतु 'मला कचरणे वाटते' असे कोणी म्हणत नाही. कचरतो तो मनुष्य स्वतः. खचतो तोही स्वतः.

'कचरणे' यात पाऊल मागे घेण्याचा भाव आहे. 'खचणे' यात आतून ढासळण्याचा. मूळ धातूतील मोडण्याची कल्पना मला 'खचणे' या शब्दात अधिक जवळून ऐकू येते. भिंत खचते, विहिरीचा काठ खचतो, पावसाळ्यात रस्ता खचतो; हे शेतावर काम करणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून संपूर्ण शास्त्राचे भाषांतर करताना अशाच बायांना समजेल अशा साध्या मराठीचा आग्रह धरला होता, आणि 1922 साली आपल्या मृत्यूच्या थोडेच आधी त्यांनी ते काम पुरे केले. त्यांची आठवण ठेवून शब्द निवडणे हे आजच्या भाषांतरकाराचेही कर्तव्य आहे. खचलेल्या भिंतीविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तिला कोणी वरून घण घातलेला नसतो. पायाशी पाणी मुरलेले असते, आणि ज्या आधारावर ती उभी होती तो आधार हलका झालेला असतो.

रिकामी अंबारी

आम्हा दिल्लीकर मराठी माणसांना या शब्दाचा धडा शिकण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या उत्तरेकडील भागात, दिल्लीपासून सुमारे 90 किलोमीटरवर पानिपत आहे. एका परप्रांतीय गावाचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले आहे. निवडणुकीत पक्षाचे पानिपत होते, व्यापारात भागीदारांचे होते. 'भाऊगर्दी' हा शब्दही त्याच रणावरून आपल्या घरी आला. आणि कोणी वचन मोडले म्हणजे आपण सहज म्हणून जातो, 'विश्वास पानिपतात गेला.' पेशव्यांचा पुत्र विश्वासराव तेथे पडला, यावरची ही कोटी. परंतु ख्रिस्ती वाचकाने या म्हणीपाशी क्षणभर थांबावे. शास्त्रात खचण्याच्या विरुद्ध बाजूस जो शब्द उभा आहे तो विश्वास हाच.

14 जानेवारी 1761 या दिवशी तेथे काय घडले? मराठ्यांची छावणी कित्येक आठवडे रसद तुटल्याने उपाशी होती. छावणीत लढवय्यांबरोबर स्त्रिया, यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांचा मोठा समुदाय होता. सकाळी युद्ध सुरू झाले. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण केली, आणि मध्यभागीही मराठ्यांचा जोर दिसत होता. दुपारनंतर विश्वासरावाला गोळी लागली. सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले व शत्रूत घुसले. मागे राहिलेल्यांच्या दृष्टीस पडली ती रिकामी अंबारी. भाऊ पडले असा समज पसरला आणि सैन्याने पाठ फिरवली.

या पराभवाची कारणे इतिहासकारांनी पुष्कळ दिली आहेत: उपासमार, मित्रांचा अभाव, अहमदशहा अब्दालीने राखून ठेवलेल्या ताज्या दमाच्या तुकड्या. ती आपापल्या जागी खरी आहेत. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने ती रिकामी अंबारी पाहण्यासारखी आहे. घोड्यावर बसलेले भाऊ त्या क्षणी जिवंत होते, लढत होते. बदलले होते ते एवढेच, की आपला माणूस आपल्याबरोबर आहे ही खूण दिसेनाशी झाली. धनुष्याची दोरी तुटली ती तेथे. सकाळपासून मृत्यू डोळ्यांसमोर असताना जे पळाले नव्हते, ते त्या एका दर्शनाने पळाले. भीती तर त्यांना सकाळीही वाटत असणार. दुपारनंतर ते खचले.

या खचण्याची लाट पुण्यापर्यंत गेली. मदतीसाठी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना माळव्यात बातमी मिळाली ती सावकारी चिठ्ठीच्या रूपात. मोती आणि मोहरा यांच्या नावाखाली माणसांची गणती तीत केली होती. ते परतले, आणि त्याच वर्षी 23 जून रोजी पर्वतीवर मरण पावले. 'हाय खाल्ली' या मराठी शब्दप्रयोगाला याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. त्यांच्या अंगावर तलवारीचा एकही वार नव्हता.

पण ही कथा एवढ्यावरच संपत नाही. पानिपताच्या सुमारे एक वर्ष आधी, 10 जानेवारी 1760 रोजी, आज दिल्ली शहराचाच भाग असलेल्या बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे घायाळ होऊन पडले. शत्रूने हिणवून विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना पाठ असते. त्या उत्तरात आपण वाचूच अशी घमेंड नाही. वाचलो तर, अशी अट त्यात आहे. म्हणजे मृत्यूची शक्यता मनुष्य मान्य करतो, आणि तरीही आपले काम हातातून सोडीत नाही. भीती नसणे आणि न खचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका अटीत दिसून येते.

दत्ताजींचे धाकटे भाऊ महादजी पुढल्या वर्षी पानिपतावरून जखमी होऊन निघाले. पाठलाग करणाऱ्या एका अफगाण स्वाराने त्यांच्या पायावर असा घाव घातला, की ते जन्माचे अधू झाले. त्या पळापळीत, जेव्हा प्रत्येक जण आपापला जीव घेऊन दक्षिणेकडे धावत होता, तेव्हा राणेखान नावाचा एक भिश्ती थांबला. त्याने त्या घायाळाला उचलून आपल्या पखालीच्या बैलावर घातले आणि रणातून बाहेर काढले. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले व आपल्या सैन्यात मोठ्या पदावर चढवले. पानिपतानंतर 10 वर्षांनी, 1771 साली, हेच अधू पायाचे महादजी दिल्लीत पुन्हा आले, आणि त्यांच्याच पाठबळावर पुढल्या वर्षाच्या आरंभी बादशहा शाहआलम दिल्लीच्या तख्तावर परतला. 1788 साली गुलाम कादिराने त्या बादशहाचे डोळे काढले, तेव्हा दिल्ली सोडवायला महादजींची जी फौज आली, तिच्या अग्रभागी राणेखान होता.

त्या भिश्त्याला पानिपतावर भीती वाटली नसेल, असे कोण म्हणेल? तो सैनिक नव्हता. त्याच्याजवळ पाण्याची पखाल आणि एक बैल होता. कदाचित त्याचीही छाती इतरांइतकीच धडधडत असेल. परंतु त्याच्या भीतीने त्याचे डोळे झाकले नाहीत; पडलेला मनुष्य त्याला दिसला. भरतपूरच्या सूरजमल जाटाचेही असेच. त्याचे आणि भाऊंचे बिनसले होते, तो आधीच फौजेतून निघून गेला होता, तरी उघड्यावाघड्या अवस्थेत आपल्या मुलखात आलेल्या मराठी स्त्रीपुरुषांना त्याने अन्नवस्त्र दिले, आणि अब्दालीच्या रोषाची पर्वा केली नाही. म्हणून, वाचकहो, विश्वास पानिपतात गेला ही आपली म्हण अर्धीच खरी आहे. त्याच दिवशी, त्याच वाटेवर, एका बैलाच्या पाठीवरून तो जिवंत बाहेरही पडला.

येथे आपल्याला चांगल्या शोमरोनी मनुष्याचा दाखला आठवेल (लूक 10). याजक आणि लेवी त्या घायाळाच्या बाजूने का निघून गेले, याचे कारण प्रभूने सांगितलेले नाही. आपण त्यांना कठोर अंतःकरणाचे म्हणतो. पण यरुशलेमाहून यरीहोकडे उतरणारी ती वाट लुटारूंची होती. लुटारू अजून जवळपास असतील, या विचाराने त्यांची पावले झपझप पडली असतील. तसे असेल, तर दुष्टपणा आणि खचणे यांचे फळ त्या घायाळाच्या दृष्टीने एकच झाले. खचण्यातला नैतिक धोका हा असा आहे. त्यात मनुष्य कोणाचे वाईट इच्छीत नाही, फक्त त्याला स्वतःखेरीज कोणी दिसेनासे होते.

गेथशेमाने बागेत

असे असेल, तर जो क्षणभर हादरला तो दोषी ठरला काय? या प्रश्नाचे उत्तर आपण आपल्या तर्काने देण्यापेक्षा प्रभूकडे पाहून द्यावे. योहानकृत शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायाच्या आरंभी प्रभू शिष्यांना सांगतो, की तुमची अंतःकरणे ढवळून जाऊ देऊ नका. तेथील ग्रीक क्रियापद पाणी ढवळण्याविषयीही वापरले जाते. हेरोद राजा मागी लोकांची वार्ता ऐकून हादरला तेव्हा (मत्तय 2:3), आणि शिष्यांनी रात्री प्रभूला पाण्यावरून चालताना पाहिले तेव्हाही (मत्तय 14:26) हेच क्रियापद आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, आदल्याच अध्यायात, त्याच भोजनाच्या वेळी, हेच क्रियापद खुद्द प्रभूविषयी वापरले आहे (13:21). लाजाराच्या कबरेजवळही तेच आहे (11:33). ढवळून जाऊ नका असे जो सांगतो, तो स्वतः त्याच रात्री ढवळून गेलेला आहे.

मार्क तर याहून पुढे जातो. गेथशेमाने बागेतील प्रभूच्या अवस्थेसाठी त्याने जो शब्द वापरला आहे (14:33), तो संपूर्ण नव्या करारात मार्काखेरीज कोणीही वापरलेला नाही. त्यात आश्चर्याचा आणि दहशतीचा असा दुहेरी धक्का आहे. अकल्पित असे काही समोर येऊन मनुष्य थरारून जातो, तो भाव. रिकाम्या कबरेत शिरलेल्या स्त्रियांविषयीही मार्काने तोच शब्द योजला आहे (16:5). मत्तयाने बागेच्या प्रसंगी त्या जागी दुःखी होण्याचा सौम्य शब्द घातला. मराठी भाषांतरकाराची लेखणीही येथे अडखळते. देवाच्या पुत्राविषयी असा शब्द कसा लिहावा? परंतु मार्काने तो लिहिला आहे, आणि त्याला सौम्य करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो सौम्य केला, तर दुःखाने हादरलेल्या प्रत्येक मनुष्याचा प्रभू त्याच्यापासून एक पाऊल दूर जातो.

यावरून एवढे निश्चित म्हणता येते, की हादरणे हे पाप नव्हे. जो निष्पाप होता तोही हादरला. मग त्याने काय केले ते पाहा. तो पळाला नाही. आपल्याला काहीच होत नाही, असा देखावाही त्याने केला नाही. त्याने तिघांना आपल्याजवळ जागे राहण्यास सांगितले, आणि पित्याशी बोलला. म्हणजे ज्या दोन नात्यांना खचणे तोडून टाकते, ती दोन्ही नाती त्याने घट्ट धरली. तिघे झोपी गेले, हा त्यांचा उणेपणा. त्यांना सोबत मागणे हा त्याचा उणेपणा नव्हता.

जुन्या करारातील आज्ञेचे रहस्यही येथेच उलगडते. 'भिऊ नको, कचरू नको' या जोडीपाठोपाठ जे कारण येते ते क्वचितच संकट लहान असल्याचे असते. तू समर्थ आहेस, असेही नसते. मी तुझ्याबरोबर आहे, हे ते कारण. मोशे यहोशवाला हेच सांगतो, आणि यहोशाफाटालाही हेच कळवले जाते. भिंतीला खडसावून ती उभी राहत नाही. तिला टेकू द्यावा लागतो. ही आज्ञा टेकूसह दिलेली आहे.

एक आक्षेप येथे कोणी घेईल, आणि तो घेणे योग्य आहे. यिर्मयाला दिलेली आज्ञा इतकी मृदू नाही. त्यांच्यापुढे खचू नको, नाहीतर मीच तुला त्यांच्यापुढे खचवीन, अशा अर्थाचा इशारा तेथे आहे (यिर्मया 1:17), आणि दोन्ही वेळा धातू तोच आहे. याचा अर्थ काय लावावा? मला वाटते, यिर्मयाला संदेष्टा म्हणून उभे केले होते. ज्याच्यावर इतरांची दृष्टी खिळलेली असते, त्याचे खचणे त्याचे एकट्याचे राहत नाही. अंबारी रिकामी दिसली की हजारोंचे पाय सुटतात. आईबाप, पाळक, शिक्षक, अधिकारी यांना म्हणूनच अधिक कडक शब्द ऐकावा लागतो. तरी पुढे तोच यिर्मया आपल्या जन्मदिवसाला शाप देईपर्यंत व्याकूळ झाला (20:14), आणि परमेश्वराने त्याला टाकून दिले नाही. कडक शब्दामागेही टेकू होताच. त्याच अध्यायाच्या शेवटी तो लिहिलेला आहे.

आपले कर्तव्य

हा विचार केवळ ग्रंथांपुरता ठेवून चालणार नाही. 2021 सालच्या एप्रिल-मे महिन्यांत दिल्ली आणि भोवतालच्या गाझियाबाद, नोएडा, गुडगाव या शहरांवर करोनाची दुसरी लाट कोसळली. रुग्णालयांत खाटा नव्हत्या, प्राणवायू नव्हता, स्मशानांत जागा नव्हती. या लेखात वर आलेला प्रत्येक शब्द त्या दिवसांत आमच्या डोळ्यांदेखत खरा झाला. आमच्या लहानशा मराठी मंडळीतील एका भगिनीचे पती त्या लाटेत गेले. रात्रभर ती फोन करीत होती. कोठेच दाद लागेना. पहाटे तिचे हातपाय गळाले आणि ती जिन्यात बसून राहिली. पुढे काही आठवड्यांनी समाचाराला आलेल्या कोणी तिला म्हटले, की तू धीर सोडलास, तुझा विश्वास कमी पडला. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. परंतु त्या वाक्याने तिच्या वैधव्यावर अपराधाचे ओझे चढवले. तिने मला विचारले, "त्या पहाटे मी पाप केले का?"

मी तिला मार्काच्या त्या शब्दाविषयी सांगितले. पण उत्तर खरे म्हणजे तिच्याच जवळ होते. ती म्हणाली, की त्या रात्री वरच्या मजल्यावरचे शेजारी, जे आपल्या मंडळीचे नव्हेत आणि आपल्या भाषेचेही नव्हेत, ते प्राणवायूच्या नळकांड्यासाठी कोठल्याशा रांगेत पहाटेपर्यंत उभे होते. त्यांच्या घरी लहान मुले होती आणि संसर्गाची त्यांना धास्ती होती. ती त्यांनी लपवली नाही. नळकांडे आले तोवर उशीर झाला होता. "पण दादा," ती म्हणाली, "मी एकटी नव्हते." त्याच दिवसांत गाझियाबादच्या इंदिरापुरममधील गुरुद्वाराने रस्त्यावरच प्राणवायूचा लंगर मांडला होता, आणि अनोळखी माणसे मोटारीत बसल्या बसल्या श्वास घेत होती. पखालीचा बैल घेऊन थांबणारी माणसे या भूमीतून नाहीशी झालेली नाहीत.

वाचकहो, यातून आपल्याला दोन गोष्टी घेता येतील. पहिली स्वतःविषयी. भीती आली म्हणून स्वतःला दोष देऊ नये. तिला नाव द्यावे, ती देवापुढे आणि एखाद्या विश्वासू मनुष्यापुढे बोलून दाखवावी, आणि त्या घटकेला हातात असलेले लहानसे काम सोडू नये. खोलीत आणखी कोण आहे, हे पाहावे. ज्याला दुसऱ्याचा चेहरा दिसतो तो अजून पूर्णपणे खचलेला नसतो.

दुसरी गोष्ट दुसऱ्यांविषयी. 'भिऊ नको' हे शब्द दुरून उच्चारण्याचे नव्हेत. शास्त्रात हे शब्द जो उच्चारतो, तो त्याच श्वासात मी तुझ्याबरोबर आहे असे म्हणतो. हे दुसरे वाक्य खरे करण्याची आपली तयारी नसेल, तर पहिले वाक्य उच्चारण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. समाचाराला जाताना वचन पाठ केलेले असावेच. पण त्याबरोबर थोडा वेळ, एखादा डबा, रुग्णालयाच्या रांगेत उभे राहण्याची तयारी हेही न्यावे. खचलेल्याला उपदेशाची आठवण बहुधा राहत नाही. आपल्या शेजारी कोण बसले होते, हे मात्र तो विसरत नाही.

म्हणून त्या हिब्रू धातूसाठी मला 'खचू नको' हे शब्द अधिक योग्य वाटतात. 'कचरू नको' ऐकताना मागे सरणाऱ्या शिपायाला दिलेली ताकीद कानावर पडते. 'खचू नको' ऐकताना पडू पाहणाऱ्या भिंतीला कोणी पाठ लावून उभे असल्याचा भास होतो. शास्त्रात दोन्ही अर्थांना जागा आहे, आणि कोणत्या प्रसंगी कोणता शब्द बोलावा याचा विवेक प्रभू आपल्याला देवो. परंतु पुढच्या वेळी कोणाला तो शब्द सांगायचा झाला, तर आधी आपण त्याच्या शेजारी बसलो आहोत की दारातूनच बोलत आहोत, एवढे पाहून घ्यावे.